लोखंड बाहेर ठेवून या

"चिखलाला शीट हाय बघ, आन् म्या हुबी."

गणेशगुडीहून जोयड्याला येणाऱ्या बसमध्ये माझ्या मागं उभी असलेली बाई दुसरीला सांगत होती. तिचं म्हणणं खरं होतं. बांबूच्या टोपलीत भाताचा पेंढा घालून त्यात बसवलेल्या चार काचेच्या बरण्यांना एक पूर्ण सीट मिळाली होती. बरण्यांत सुप्याच्या धरणाच्या काठचा काळा चिखल होता आणि वर चार बोटं पाणी. शेजारी सर बसले होते. मी दांडा धरून उभी होते आणि या लोकांशी माझा काही संबंध नाही असा चेहरा करून बाहेरची झाडं बघत होते.

सरांनी ते ऐकलं आणि ते उठले. "बसा मावशी. चिखलाला उभं राहता येत नाही, मला येतं."

बाई बसली. सरांनी तिच्या हातातल्या डब्याकडे बघितलं. "डबा लोखंडी नाही ना?"

"जर्मनचा हाय."

"मग चालतंय."

ॲल्युमिनियमचा डबा मांडीवर घेऊन ती चिखलाशेजारी जोयड्यापर्यंत बसून आली. मधूनमधून ती बरण्यांकडे आणि मग माझ्याकडे बघायची. उतरताना तिनं मला हळूच विचारलं, "तुझं वडील व्हय? बरं हाईत न्हवं?"

मी मान हलवली. कोणत्या प्रश्नाला हलवली ते मलाही सांगता आलं नसतं.

सर माझे वडील नव्हते. मी बेळगावात कॉन्व्हेंटमध्ये शिकले, फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि चार माणसांत बोलायला लागू नये अशी नोकरी शोधत होते. सर एका मोठ्या शहरातल्या संस्थेत बरीच वर्षं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सांभाळत होते. मग त्यांना या चिखलाचा नाद लागला. संस्थेनं त्यांना मायक्रोस्कोपचे ठरावीक दिवस आणि एका मदतनिसाचा पगार दिला. ती मदतनीस मी. सरांनी जोयड्यात आक्काच्या घराची पडवी आणि एक खोली भाड्यानं घेतली होती. आम्ही तिथं चिखल सांभाळायचो आणि मायक्रोस्कोपचे दिवस आले की नमुने घेऊन शहरात जायचो.

नाद कसला होता ते सांगते. पाण्याखालच्या काही चिखलांत असे जिवाणू असतात की जे आपल्या पोटात चुंबक तयार करतात. लोखंडाच्या ऑक्साइडचे अगदी बारीक खडे, एकाला एक लागून, एका ओळीत. त्या ओळीमुळे जिवाणू होकायंत्राच्या सुईसारखा वळतो आणि त्या दिशेनं पोहत जातो. तो कुठं जातो हे साध्या मायक्रोस्कोपखाली, शेजारी चुंबक ठेवून बघता येतं. पण खडे बघायचे तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो. लहान टिकलीएवढी तांब्याची जाळी असते, तिच्यावर थेंब वाळवायचा, जाळी यंत्रात घालायची, आणि अंधाऱ्या खोलीत हिरवट पडद्यावर ती काळी ओळ दिसते. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी काहीच बोलले नाही. सर म्हणाले, "शाब्बास. बहुतेक लोक इथं 'वाव' म्हणतात."

त्या ओळीचा फोटो मी आक्काला दाखवला होता. तिनं चुलीच्या उजेडात तो लांब धरून बघितला. "ही तर काळी पोत हाय. चिखलातल्या किड्याचं लगीन झालंय व्हय?"

"झालंय," सर पडवीतून ओरडले. "पृथ्वीशी."

"मग बरं हाय. सासू न्हाई."

आक्का विधवा होती. दोन एकर भात आणि आमचं भाडं यावर तिचं घर चालायचं. सरांशी ती बरोबरीनं बोलायची आणि मला तंगी म्हणायची, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. माझं नाव तिला माहीत होतं, पण ते इंग्रजी शाळेतलं वाटतं म्हणून ती ते वापरत नसे.

पडवीच्या दारावर सरांनी कोळशानं लिहिलं होतं: लोखंड बाहेर ठेवून या. खाली कानडीतही लिहिलं होतं. आत येणाऱ्यानं किल्ल्या, कोयता, छत्री, जे असेल ते बाहेर ओट्यावर ठेवायचं. सर स्वतः लेंगा वापरत, कारण पँटला झिप असते. शर्टाला नारळाच्या करवंटीची बटणं होती. चपला शिवलेल्या, बिनखिळ्यांच्या. घड्याळ नव्हतं, त्यामुळे दिवसभर सगळ्यांना वेळ विचारायचे आणि वेळ सांगणाऱ्याला जरा लांब उभं राहायला सांगायचे. माझ्या केसांतल्या पिना पहिल्याच दिवशी गेल्या. तेव्हापासून मी केसांना रबर लावू लागले, ते अजून लावते.

खिशात एक छोटं होकायंत्र असायचं. त्यांनी आक्काची सगळी भांडी त्याच्यासमोर धरून तपासली होती. स्टीलची बरीचशी निर्दोष सुटली. विळी, तवा आणि उलथनं पकडलं गेलं. त्यांना बरण्यांच्या फळीपासून लांब, परसदारी जागा मिळाली. आक्का महिनाभर कुरकुरली. मग तिलाच त्याची इतकी सवय झाली की शेजारीण आली की ती दारातच विचारायची, "आंगावर लोकंड हाय काय गे?" शेजारणीला वाटायचं आक्काला कुणी बाहेरचं काही सांगितलंय.

चिखल काढायला फावडं नव्हतं. सर करवंटीला बांबूची दांडी बांधून तिनं चिखल काढायचे. गुडघाभर पाण्यात उभे राहून ते करवंटी इतकी हळू बुडवत की काठावर गुरं राखणारे लोक कंटाळून निघून जायचे. बरणी भरली की तिच्यावर उत्तर दिशेचा बाण काढायचा. घरी आल्यावर बाण उत्तरेकडेच ठेवायचा. मी एकदा विचारणार होते की बरणीतला चिखल तर प्रवासात दहा वेळा फिरला, आता बाणाचं काय. पण विचारलं नाही. मला वाटतं त्यांनाही ते माहीत होतं. देवळात चपला काढतात तसं ते होतं.

बोलण्यावरून माझं आणि त्यांचं एकदाच वाजलं, तेही एकतर्फी. मी गप्प राहिले की सर त्याचा अर्थ 'हो' असा घ्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "कारलं चालतं ना?" मी गप्प. त्यानंतर आठवड्यातून दोनदा कारलं. शेवटी आक्कानंच सांगितलं, "तिला चालत न्हाई ते. ताटात बघा की जरा. मुकी न्हवं ती, लाजरी हाय."

सर माझ्याकडे वळले. "मग तू सांगायचंस ना. मी जिवाणूंना विचारत बसतो, त्यांना बोलता येत नाही म्हणून. तुला तर येतं."

मी तेव्हाही गप्प राहिले. त्यांनी कपाळावर हात मारला.

मायक्रोस्कोपच्या खोलीत मात्र ते दुसरेच असायचे. तिथं ते मोठ्यानं बोलत नसत. यंत्र माणसापेक्षा उंच होतं. आत पोकळी तयार करायला पंपांना वेळ लागायचा, आणि तोवर सर भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसायचे. मला वाटायचं झोपलेत. पण पंपाचा आवाज जरा बदलला की डोळे न उघडता म्हणायचे, "झडप बघ."

कॉलेजात मला शिकवलं होतं की चांगला फोटो म्हणजे फोकस जुळलेला फोटो. सरांकडे ते उलटं झालं. या यंत्रातली भिंगं काचेची नसतात. तारेच्या वेटोळ्यांची असतात, म्हणजे ती स्वतःच चुंबकं असतात. नमुना ज्या मुख्य भिंगात बसतो त्याचा जोर इतका असतो की नमुन्याचं स्वतःचं चुंबकत्व त्यात पुसलं जातं. त्यामुळे चुंबकत्व बघायचं तर मुख्य भिंग बंद करायचं, दुसऱ्या लांबच्या भिंगावर काम भागवायचं आणि मुद्दाम फोकस बिघडवायचा. मग लोखंड आणि निकेलच्या पातळ पापुद्र्यावर, जिथं एका दिशेचा भाग संपून दुसऱ्या दिशेचा सुरू होतो, तिथं काळी किंवा पांढरी रेघ उमटते. फोकस जुळवला की रेघ नाहीशी.

शिकताना सर मला असे पापुद्रेच द्यायचे. पहिल्या खेपेला मी त्यांच्या अपरोक्ष फोकस जुळवून, सगळे कण स्वच्छ दिसतील असा फोटो काढला आणि धुऊन त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो नीट बघितला.

"सुरेख आहे. कॅलेंडरला लाव."

मग त्यांनी मला परत खुर्चीत बसवलं आणि बटण माझ्या हातानंच फिरवून घेतलं. चित्र धूसर झालं आणि त्यातून रेघ वर आली. "दुसऱ्याचं चुंबक बघायचं तर आधी आपलं बंद करावं लागतं," ते म्हणाले. हे वाक्य ते कुठंही वापरायचे. आक्का आणि तिचा दीर बांधावरून भांडायला लागले तेव्हाही त्यांनी ते दिराला ऐकवलं. दीर म्हणाला, "माझ्याकडं चुंबक न्हाई, सातबारा हाय." आमच्याकडे, कर्नाटकात, त्या कागदाला दुसरं नाव आहे, पण दीर बरीच वर्षं महाराष्ट्रात राहून आला होता.

आता मुद्द्याचं. पृथ्वीच्या उत्तर भागात हे जिवाणू उत्तरेला जातात, कारण इकडे उत्तरेची चुंबकी रेषा खाली जमिनीत झुकते. उत्तरेला जाणं म्हणजे खाली चिखलात जाणं. वर हवेशीर पाण्यात ते मरतात. दक्षिण भागात याच्या उलट. पण विषुववृत्ताच्या जवळ ही रेषा जवळजवळ आडवी होत जाते. तिथं दोन्ही प्रकारचे एकत्र राहतात हे माहीत होतं. सरांचं म्हणणं असं की आपल्याकडे, विषुववृत्तापासून जोयड्याएवढ्या लांबही, दक्षिणेला जाणारे चांगल्या संख्येनं सापडतील. संस्थेत कुणाला ते पटत नव्हतं. आम्ही वाटेल तितक्या बरण्या आणल्या. सगळे उत्तरेलाच जायचे.

मग एका पावसाळ्यात आम्ही बरेच आठवडे शहरात होतो. मायक्रोस्कोपचे दिवस एकदम मिळाले होते आणि मलाही यंत्र एकटीनं चालवायला शिकायचं होतं. जाताना सरांनी आक्काला बजावलं. पडवीत पाणी आलं तर बरण्या उचलून आत घे. सरळ धर. लोखंडावर ठेवू नकोस, लाकडावरच ठेव.

"लाकडावर. कळलं. जावा आता, गाडी जाईल."

गणपतीची चवथ होऊन गेल्यावर आम्ही परत आलो. बरण्या पडवीत आपल्या फळीवर होत्या, बाण उत्तरेकडे. सरांनी नेहमीसारखं होकायंत्र फिरवून सगळी पडवी तपासली. सुई शहाण्यासारखी वागली. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बरणीतला थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला, चुंबक शेजारी ठेवलं आणि बघितलं. निम्म्याहून जास्त उलटे जात होते. मी चुंबकाची टोकं तपासली. काच बदलली. दुसऱ्या बरणीतही तेच.

मी सरांना हाक मारली नाही. उठून जागा करून दिली. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "आक्का, पानं घे." एरवी ते हातात भाकरी घेऊन पडवीत उभ्यानं जेवत. त्या दिवशी ते चुलीजवळ पाटावर बसले, दोनदा भात घेतला आणि लहान मुलासारखं ताट पुसून खाल्लं.

आम्ही त्या दक्षिणेला जाणाऱ्यांचे फोटो काढून आणले. त्यांचे खडे इतरांसारखेच होते, ओळही तशीच. सरांनी लेख लिहायला घेतला. त्याच सुमारास संस्थेनं कळवलं की चिखलाचं काम चालू ठेवायचं की बंद करायचं हे ठरवायला एक समिती जोयड्याला येणार आहे. सरांना आनंदच झाला. पूर्वी समिती आली असती तर दाखवायला काही नव्हतं.

समिती आली त्या दिवसानंतरही मी सरांकडे दीड वर्ष होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच धाकधूक नको. काम बंद झालं नाही. मायक्रोस्कोपचे दिवस कमी झाले. आम्ही त्याच काठावरून परत चिखल आणला आणि त्यातले जवळजवळ सगळे उत्तरेला गेले. सरांनी तसंच लिहिलं. तो लेख फारसा कुणी वाचला असेल असं वाटत नाही. पुढं ते आजारी पडले तेव्हा मी भेटायला गेले होते. ते हॉस्पिटलच्या लोखंडी खाटेवर झोपले होते आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पण समिती आली त्या सकाळी यातलं काही माहीत नव्हतं. तिघं जण होते. अध्यक्ष एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी दारावरचं वाचलं आणि काही न विचारता घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं. सरांना त्या तिथंच आवडल्या. त्यांना रामनगरहून मारुतीनं जीपमधून आणलं होतं. मारुती एरवी लग्नाला आणि जत्रेला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. सर पडवीत फोटो मांडून बोलू लागले. मी चहा आणायला आत गेले.

मारुती चुलीजवळ बसला होता. "आक्का, पावसात माझ्या पेटीवर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या हुत्यास व्हय?"

"कुठली पेटी?"

"स्पीकरची गं. माझं घर गळत हुतं म्हून तुज्याकडं आणून ठेवल्या न्हाईत? चवथीला नेल्या तवा काय दिसलं न्हाई. आता रंग काढूलोय तर वर गोल गोल डाग. चार. धुऊन निघंना झाल्यात."

"लोणचं न्हवं रे, सरांचा चिखल त्यो. पडवीत पाणी शिरलं तवा आत आणला. लाकडावरच ठेव म्हटलं हुतं, तुजी पेटी लाकडाची, ठेवला. तू पेटी न्यायला आलास तवाच परत फळीवर मांडला."

"मग डागाचं काय?"

"डागाला रंग दे की. त्यासाठीच रंग असतोय."

मी ट्रे हातात घेऊन उभी होते. लाऊडस्पीकरच्या पाठीमागं चुंबक असतं, चांगलं वाटीएवढं. बरण्या अशा चुंबकावर काही आठवडे राहिल्या तर आतली खालची दिशा वरची होऊ शकते. उत्तरेला जाणारे खाली जाण्याऐवजी वर येतात आणि मरतात. उलटे जाणारे थोडेसे असतात तेवढे जगतात आणि वाढतात. हा प्रयोग दुसऱ्या देशात लोकांनी मुद्दाम केला होता. सरांनीच मला तो वाचायला दिला होता.

"तंगी, च्या निवतोय," आक्का म्हणाली.

मी बाहेर आले. सर उभे होते. त्यांच्या हातात सगळ्यात चांगला फोटो होता. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "सर, एक मिनिट."

"ठेव, ठेव तिथं," ते म्हणाले. त्यांना वाटलं चहाचं.

मी ट्रे ठेवला. सरांचं बोलणं संपत आलं होतं. त्यांचे कान लाल झाले होते. करवंटीचं एक बटण तुटून दोऱ्याला लोंबत होतं आणि ते त्यांच्या लक्षात नव्हतं. समितीतले बाकीचे दोघं माना हलवत होते. त्यातला एक तर म्हणाला, "हे झालं म्हणजे तुमचं काम पक्कं समजा."

बाईंनी फोटो परत हातात घेतला. "मला एकच विचारायचं आहे. या बरण्यांजवळ मधल्या काळात कुठलं चुंबक आलं नाही, याची तुम्हाला खात्री आहे?"

सर हसले. इतके मोकळे हसताना मी त्यांना फार वेळा बघितलं नाही. "बाई, माझ्या चिखलाजवळ टाचणी येऊ शकत नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर हिला विचारा. ही उगाच बोलत नाही."

सगळे माझ्याकडे वळले. काही बोलायची गरज नव्हती. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. सरांनी तर उत्तर मिळाल्यासारखा कपाकडे हात नेला होता. आत मारुती काहीतरी बोलला आणि आक्का हसली, ते ऐकू आलं.

मी बाईंकडे बघितलं नाही. सरांकडेच बघून बोलले आणि माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला.

"सर, पावसाळ्यात या बरण्या लाऊडस्पीकरवर होत्या. आक्काची चूक नाही. आपण लाकडावर ठेव म्हणालो होतो, आणि पेटी लाकडाचीच आहे."